डायबेटिस असलेल्या म्हाताऱ्या मांजराला निरोप देताना: काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

ओळखीतून ओळखीतून मला फोन येतात आणि ते नेमके रात्री अकरानंतर येतात. मांजर दोन दिवस खात नाहीये, इन्सुलिन परवाच बंद केलं, आता जोरजोरात श्वास घेतंय, इतक्या रात्री कोणी डॉक्टर माहितीये का. माझ्याकडे डायबेटिसची दोन मांजरं होऊन गेली, मनी आणि बंड्या. मनीच्या वेळी मीही हेच केलं होतं, आधी इन्सुलिन बंद, मग डॉक्टरांची शोधाशोध आणि इंजेक्शनने शांत मरण देण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी, तोही रात्री अडीच वाजता रिक्षात. बंड्याच्या वेळी बरोबर उलटं केलं. आधी निर्णय, मग डॉक्टर, आणि इन्सुलिनचा विषय अगदी शेवटच्या दिवशी. खालचं सगळं त्या क्रमासाठी लिहिलंय. मी डॉक्टर नाही, डोसचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. आधी खात्री करा, बरं होण्यासारखं काही सुटत तर नाहीये ना

म्हातारं मांजर, त्यात डायबेटिस, त्यात खात नाहीये म्हटलं की घरात सगळे "झालं आता" म्हणून मोकळे होतात. पण डायबेटिसच्या मांजराचं बिघडण्याची निम्मी कारणं साधी असतात, म्हणून आधी ही यादी संपवा.

सिरिंज आणि बाटली जुळतायत का बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दर मिलीला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही, पेनमधलं तर बहुतेक १०० चं असतं. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर प्रत्येक रेघेला अडीच पट डोस जातो. मेडिकलवाला घाईत कुठलीही हातात देतो आणि आपणही पिशवी उघडून बघत नाही. मांजर अचानक झिंगल्यासारखं चालतंय, पडतंय, झटके येतायत, तर हा शेवट नसून शुगर खाली गेलेली असू शकते. मीटरवर ६० च्या खाली दिसलं, किंवा मीटर नसेल पण लक्षणं तीच असली, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच डॉक्टरकडे पळा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका, चोळायचं फक्त.

इन्सुलिन मेलेलं नाहीये ना? फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेलं, दिवसभर लाइट गेल्यावर तापलेलं, किंवा उघडून तीन महिने झालेलं. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवस असं पाकिटावरच लिहिलेलं असतं. बाटली बदलली आणि चार दिवसांत मांजर ताळ्यावर आलं असं माझ्यासमोर झालंय.

मागचे पाय. मांजर पंज्यांवर न चालता मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून सशासारखं चालायला लागतं. बघवत नाही, पण हे शुगरमुळे नसांवर आलेलं असतं. शुगर काबूत आली की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सुधारतं, सोबत डॉक्टर बी-ट्वेल्व्ह देतात. नुसत्या या कारणावर निरोपाचा निर्णय घेऊ नका.

मान छातीवर लोंबत असेल तर पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं, ते भरून काढता येतं. त्याशिवाय दात, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, हे तिन्ही खाणं बंद पाडतात आणि तिन्हीवर उपाय आहे.

आणि एक, क्लिनिकमधल्या एका आकड्यावर घाबरू नका. मांजर घाबरलं की डायबेटिस नसतानाही शुगर तीनशेच्या वर जाऊ शकते. घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेला आकडा जास्त खरा. फक्त माणसांचं मीटर मांजराच्या रक्ताला थोडं कमी दाखवतं हे लक्षात असू द्या.

डॉक्टरांना सांगून एकदाच नीट तपासण्या करून घ्या: किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, लघवीत कीटोन, आणि पोट दुखतंय असं वाटलं तर पॅनक्रियाससाठी सोनोग्राफी. लघवी पकडायला मी जुनी पळी वापरायचे, बंड्या बसला की मागून हळूच सरकवायची. मग डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं बरं होण्यासारखं काय आहे, आणि त्याला किती दिवस देऊन बघायचं?" दिवसांचा आकडा घेतल्याशिवाय उठू नका, नाहीतर "बघू या"वर दीड महिना जातो.

सावधान: दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम किंवा पॅरासिटामॉल असलेलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि ते मरण फार वाईट असतं.

२. वही घाला, मनावर ठेवू नका

रोज बघत असलो की उतरण दिसत नाही, म्हणून लिहायचं. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी केलेली एक सोपी मोजपट्टी जगभर वापरतात. सात गोष्टी: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हिंडणं-फिरणं, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा, दहा म्हणजे उत्तम. बेरीज ७० पैकी ३५ च्या वर असेल तर निभतंय असं धरायचं. दोन दिवसांआड रात्री एकाच वेळी लिहा, आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळे मार्क द्या. आमच्याकडे माझ्या आणि नवऱ्याच्या बेरजेत पंधराचा फरक पडायचा. तो फरक कशावरून पडतोय यावर जे बोलणं झालं ते जास्त कामाचं ठरलं.

दुखणं कसं ओळखायचं? मांजर ओरडत नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पद्धत मांडली, त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेर वळलेत का, डोळे बारीक केलेत का, नाकाजवळचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन, दहापैकी चार किंवा जास्त झाले की वेदनाशामक लागतं. मांजर जागं पण शांत असताना लांबून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. क्लिनिकच्या टेबलावर भीतीमुळेच चेहरा वेगळा दिसतो, म्हणून घरचा फोटो.

याच्या जोडीला तुमच्या मांजराच्या स्वतःच्या तीन सवयी लिहा. बंड्याच्या तीन: सकाळी कोळणीची हाक आली की दारात जाऊन बसणं, दुपारी वॉशिंग मशीनवर चढणं, रात्री माझ्या पायाशी झोपणं. आधी मशीन गेलं, ते वयाने जाणारच होतं. मग एक दिवस कोळीण दारात बोंबील निवडत बसली होती, सगळ्या जिन्यात वास, आणि हा बाथरूममध्ये बादलीपाशी बसलेला. पाण्यावर तोंड धरून, पण पीत नव्हता. अर्धा तास तसाच. मागे अंगावरची फर गुठळ्या धरलेली, चाटणं सोडून आठवडा झालेला. त्या रात्री मी वहीत मार्क दिले नाहीत, फक्त "बादली" असं लिहिलं.

इथे सगळ्यात जास्त फसतात ते "खातंय ना, मग ठीक आहे" यावर. डायबेटिसमध्ये भुकेवर जाऊ नका. शुगर पेशींपर्यंत पोचत नाही म्हणून मांजर खा-खा करतं आणि तरी झडत जातं. भुकेपेक्षा वजन खरं बोलतं. मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग नुसते उभे राहा, वजाबाकी करा, दर रविवारी. गुरगुरण्यावरही जाऊ नका, दुखत असतानाही मांजरं गुरगुरतात.

तपासून बघा: तीन सवयींपैकी दोन आठवडाभर बंद, वजन दर आठवड्याला खाली, आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली. तिन्ही जुळले की पुढच्या पायरीवर जा. आणखी एका चांगल्या दिवसाची वाट बघत बसलात तर तो येतो, नक्की येतो, आणि त्याच दिवशी आपण सगळं पुढे ढकलतो.

३. डॉक्टर आधी ठरवा, मांजर बरं असतानाच

हे काम दोन-तीन आठवडे आधी करायचं. पावसाळ्यात तर आणखी आधी, ऐन वेळी गाड्या बंद पडल्या की काय होतं ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. फोन करून हे विचारा:

"आधी झोपेचं इंजेक्शन देता ना?" हा पहिला प्रश्न आणि हाच महत्त्वाचा. मांजर आधी गाढ झोपलं पाहिजे आणि मगच शेवटचं औषध. साधारणपणे थायोपेंटोनसारखं भूल देणारं औषध जास्त प्रमाणात शिरेतून देतात. कुणी जागेपणीच मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियमचं इंजेक्शन देतो म्हणाला तर नम्रपणे फोन ठेवा. ती औषधं गाढ बेशुद्धीनंतर वापरतात, शुद्धीत दिली तर फार त्रास होतो.

"शीर सापडली नाही तर काय करता?" डायबेटिस आणि किडनी दोन्ही असलेलं मांजर सुकलेलं असतं, पायातली शीर बसते. अनुभवी डॉक्टर आधी झोपवून मग शांतपणे शीर शोधतात, किंवा बेशुद्ध झाल्यावर पोटातून औषध देतात, त्याला थोडा जास्त वेळ लागतो. आदल्या दिवशी कातडीखाली सलाईन दिल्याने मदत होईल का तेही विचारून घ्या.

"घरी येता का, किती घेता, रविवारी असता का, रात्री कोण?" हे सगळं एका कागदावर, फ्रीजवर चिकटवलेलं. रात्रीच्या दोन जागांचे नंबर वेगळे लिहा आणि एकदा लावून बघा, कारण चोवीस तास लिहिलेल्या जागी रात्री नुसता वॉचमन फोन उचलतो हा माझा अनुभव आहे.

डॉक्टर नोंदणीकृत पशुवैद्यकच हवा, ओळखीतला कंपाउंडर नको. बरेच जण दबक्या आवाजात विचारतात की हे कायद्यात बसतं का. जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याला संपवण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे, कलम १३. डॉक्टर संमतीपत्रावर सही घेतील, ती कोण करणार तेही घरात आधी ठरवा, टेबलापाशी पेन हातात घेऊन एकमेकांकडे बघू नका.

४. इन्सुलिन बंद करू नका

हा भाग दोनदा वाचा. निर्णय झाला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, आता कशाला टोचायचं बिचाऱ्याला, शांतपणे जाऊ दे. मनीच्या वेळी माझ्या सासूबाई हेच म्हणाल्या आणि मला ते इतकं पटलं, कारण मलाही टोचायचा कंटाळा आला होता, खरं सांगते. शनिवारी सकाळी बंद केलं. रविवारी दुपारपासून उलट्या. संध्याकाळी तिच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या लिक्विडसारखा वास यायला लागला, मला वाटलं मुलीने बाटली सांडली म्हणून मी ड्रॉवर उघडून बघत होते. मग श्वास खोल आणि भराभर. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन साठतात. त्यात मळमळ असते, पोट दुखतं, तहान-तहान होते, आणि हे एकदोन दिवस चालतं. शांतपणे जाणं हे नव्हे.

म्हणून:

निरोपाच्या दिवसापर्यंत बारा-बारा तासांचं इन्सुलिन चालू ठेवायचं, फक्त हेतू बदलायचा. आता एकदम काटेकोर शुगर नको, नुसता त्रास नको. डॉक्टरांना सांगा की आपण शेवटच्या आठवड्यात आहोत, डोस थोडा सैल करून द्या. थोडी जास्त शुगर दोन दिवस सोसते, खाली गेलेली तासाभरात जीव घेते.

"पूर्ण खाल्लं तर किती, अर्धं खाल्लं तर किती, काहीच नाही खाल्लं तर काय" ही तीन उत्तरं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. न खाल्लेल्या मांजराला नेहमीचा पूर्ण डोस टोचणं ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि ती दमलेली माणसं सवयीने करतात. आधी खाऊ घाला, मग किती खाल्लं ते बघून टोचा.

घरात दोघं टोचत असाल तर कॅलेंडरवर टिक करा. एकाने सातला आणि दुसऱ्याने साडेसातला टोचलंय असंही होतं.

सावधान: उलट्या आणि न खाणं, दोन्ही एकत्र आलं की लघवीची कीटोन पट्टी लगेच बघा. पट्टी जांभळी झाली तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. तिथे दोन रस्ते असतात. बाकी तब्येत बरी असेल तर ड्रिपवर तीन-चार दिवस ठेवून बऱ्याच मांजरी सावरतात. किडन्या गेलेल्या असतील आणि वही आधीच खाली चाललेली असेल, तर तारीख आज.

५. दिवस ठरवणं आणि घरच्यांशी बोलणं

दिवस शक्यतो कामाच्या वारी, सकाळी उशिरा किंवा दुपारी घ्या, क्लिनिक रिकामं असतं आणि डॉक्टरांना घाई नसते. शेवटची वेळ मागून घेतली तर बाहेर भुंकणारी कुत्री नसतात. एवढी एक गोष्ट मांजरासाठी फार मोठी आहे.

ज्येष्ठांचं "पाप लागतं" हे वाद घालून सुटत नाही. मी सासूबाईंना फक्त बंड्याच्या वहीची शेवटची चार पानं वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, सकाळी उठून त्याच्यासाठी जवळा भाजला.

लहान मुलांना "झोपवणार आहोत" असं सांगू नका, माझी भाची त्यानंतर महिनाभर झोपायला घाबरत होती. "तो खूप आजारी आहे, डॉक्टर त्याला दुखू न देता मरायला मदत करणार आहेत, तो परत येणार नाही," एवढं पुरतं. मुलं जे विचारतील त्यांना खरं उत्तर द्या आणि तिथेच थांबा.

क्लिनिकमध्ये आत कोण थांबणार ते ठरवा. सगळ्यांनी थांबायची गरज नाही. पण मांजराच्या ओळखीचा एक तरी माणूस डोक्यापाशी हवा, आणि तो असा हवा ज्याचे हात थरथरणार नाहीत.

६. शेवटचा दिवस, तासाप्रमाणे

सकाळी: पथ्य संपलं. तीन वर्षं ज्या बोंबलासाठी त्याने माझ्यावर राग धरला तो त्या दिवशी मिळाला. थोडं द्या, पोट भरून नको, कारण झोपेच्या इंजेक्शनमधल्या काही औषधांनी मांजराला उलटी होते, झायलॅझिनने तर बऱ्याचदा. कांदा-लसूण असलेलं, तिखट-मिठाचं काही नको, शेवटचा दिवस म्हणून पोटात आग कशाला पाडायची.

सकाळचं इन्सुलिन: डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच. आम्हाला दुपारची वेळ होती, चार घास खाल्ले होते, डॉक्टरांनी सकाळचा डोस पूर्ण टाळायला सांगितला. काही तासांच्या चढत्या शुगरने त्रास होत नाही, पण अर्ध्या रस्त्यात रिक्षात शुगर खाली जाऊन झटके आले तर तो शेवट कायमचा डोळ्यासमोर राहतो. मध किंवा ग्लुकोज पर्समध्ये त्या दिवशीसुद्धा हवंच.

अंघोळ घालू नका. ओल्या कापसाने डोळे, तोंड आणि शेपटीखाली पुसा, बास.

पिंजरा: वरून उघडणारा घ्या किंवा झाकण स्क्रू काढून निघतंय ना ते आदल्या रात्री बघा. म्हाताऱ्या मांजराला समोरच्या दारातून ओढून काढायचं नाही, झाकण काढायचं आणि त्याला त्याच्याच चादरीवर राहू द्यायचं. खाली जाड टॉवेल, त्याखाली लहान बाळाचं प्लास्टिक, वर तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट. रिक्षावाल्याला आधीच सांगा, हळू चालव आणि हॉर्न कमी वाजव. ऐकतात.

पैसे आधी देऊन टाका आणि सही आधी करा. नंतर काउंटरवर सुट्टे शोधत उभं राहायला लागलं की काय होतं ते मला विचारा.

७. त्या वीस मिनिटांत काय होतं

माहीत नसलं की साध्या गोष्टींनी धसका बसतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिलं इंजेक्शन मांसात किंवा कातडीखाली. थोडं झोंबतं, मांजर फिस्कारू शकतं. तुमच्यावर रागावलेलं नसतं. मग पाच-दहा मिनिटांत पाय मऊ पडतात, मान जड होते, जीभ किंचित बाहेर येते. उलटी झाली तर डोकं कडेला वळवून धरा. डोळे उघडेच राहतात, मांजर भुलीत डोळे मिटत नाही. याच वेळात बोलायचं ते बोलून घ्या.

मग डॉक्टर पंजा किंवा बोट जोरात चिमटून बघतात. काहीच हालचाल नाही हे तुम्हीही बघा. हालचाल झाली तर "अजून थोडं देऊ या का?" म्हणा, डॉक्टरांना राग येत नाही.

पुढच्या पायाचे केस थोडे काढतात, शीर शोधतात. दोन-तीनदा टोचावं लागलं तर घाबरू नका, त्याला कळत नाहीये. शेवटचं औषध गेलं की एका-दोन मिनिटांत श्वास थांबतो. नंतर एखादा खोल उचकीसारखा श्वास, मिशांची थरथर, लघवी होणं, हे सगळं शरीराचं आहे, तो परत येत नाहीये. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ऐकतात. ते ऐकून "गेला" म्हणेपर्यंत हात काढू नका आणि घाईने गुंडाळूही नका.

तपासून बघा: मृत्यूचा दाखला लिहून घेतला का? तारीख, वय, कारण. दहनाच्या जागी तो आणि तुमचं आधार कार्ड बऱ्याचदा मागतात.

८. देहाचं काय

हे आधी ठरवलेलं नसेल तर आपल्या हवेत फार वेळ मिळत नाही. दोन-तीन तासांत शरीर ताठरायला लागतं, तेव्हा झोपल्यासारखं मुटकुळं करून, शेपूट आत घेऊन लगेच ठेवा. खाली जुना टॉवेल, भोवती बर्फाच्या पिशव्या, खोली गार. उन्हाळ्यात त्याच दिवशी उरका.

दहन: मुंबईत मालाडला महापालिकेचं पाळीव प्राण्यांसाठीचं पीएनजीवर चालणारं दहन केंद्र २०२३ पासून आहे. बाकी शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधीच फोन करून विचारा. खासगी जागीही होतं. अस्थी हव्या असतील तर "एकट्याचं दहन" असं स्पष्ट सांगा, एकत्र केलं तर अस्थी मिळत नाहीत.

पुरणार असाल तर खड्डा किमान तीन फूट, विहीर-बोअरवेलपासून लांब, सुती कापडात, प्लास्टिकमध्ये नाही. आपल्याकडे वरून जाडं मीठ घालतात, घाला, पण खड्डा उथळ ठेवून मिठावर विसंबू नका. त्या देहात भुलीचं औषध असतं, कुत्र्याने किंवा घारीने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. वर जड दगड ठेवा. सोसायटीच्या बागेत रात्री गुपचूप पुरायचा बेत असेल तर आधी सेक्रेटरींशी बोला, माळी दुसऱ्या दिवशी तिथेच जास्वंद लावायला खणतो.

९. घरी आल्यावर

पहिलं काम मोबाईलमधले दोन्ही अलार्म बंद करा, सकाळचा आणि रात्रीचा. मी विसरले. रात्री आठला वाजला आणि मी सवयीने फ्रीज उघडून बाटली तळहातात धरून ऊब देत उभी होते.

वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला टोचतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात, आमच्याकडे फिनेलच्या बाटलीत होत्या, झाकण चिकटपट्टीने बंद करून क्लिनिकमध्ये द्या. उघडलेलं इन्सुलिनही तिथेच. न उघडलेल्या सिरिंजा, मीटरच्या पट्ट्या, मुदत बघून दुसऱ्या डायबेटिक मांजरवाल्यांना. सिरिंज देताना ४० ची की १०० ची ते पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

घरात दुसरं मांजर असेल तर देह नेण्याआधी त्याला एकदा जवळ येऊन हुंगू द्या. क्लिनिकमधूनच परस्पर दहनाला नेणार असाल तर निदान ती चादर घरी आणून एक-दोन दिवस जमिनीवर राहू द्या, लगेच धुऊ नका. ते शोधेल, आवाज काढेल, त्याच्या जेवणाच्या वेळा आहेत तशाच ठेवा. आमची ठकी दीड दिवस बादलीपाशी जाऊन बसत होती. पण दीड दिवसाच्या वर अन्नाला तोंड लावत नसेल तर मात्र दुःखात आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या, कारण उपाशी राहिलेल्या मांजराचं, त्यातून ते गुबगुबीत असेल तर, लिव्हरवर येतं आणि ते भराभर येतं.